विश्लेषण : क्षमा केली, मग शिक्षा कशाला? ख्रिस्ती विचार नेमका काय सांगतो?

ओडिशातील केओंझरच्या तुरुंगातून एप्रिल २०२५ मध्ये महेंद्र हेम्ब्रम हा कैदी बाहेर आला. ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले यांच्या हत्येप्रकरणी तो जन्मठेप भोगत होता. सुमारे २५ वर्षांच्या तुरुंगवासानंतर, चांगल्या वर्तणुकीच्या आधारे त्याची सुटका झाली. याच खटल्यातील मुख्य दोषी दारा सिंह यानेही मुदतपूर्व सुटकेसाठी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले असून, जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने त्यावर ओडिशा सरकारला नोटीस बजावली होती.

अशा बातम्यांवर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. पहिली, ‘स्टेन्स यांच्या पत्नीनेच माफ केले होते, मग यांना इतकी वर्षे आत ठेवलेच कशाला?’ दुसरी याच्या अगदी उलट, ‘नवऱ्याला आणि पोटच्या पोरांना जाळणाऱ्यांना कोणी माफ करते का? ही कसली क्षमा?’ दोन्ही प्रतिक्रियांच्या मुळाशी एकच समज आहे, तो म्हणजे क्षमा केली की शिक्षा संपते. ख्रिस्ती विचारात असे कुठेही म्हटलेले नाही. तरीही हा समज चर्चमध्ये, घराघरांत आणि समाजमाध्यमांवर पक्का बसला आहे. त्याची किंमत मात्र ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच मोजावी लागते. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

मनोहरपूरमध्ये काय घडले होते?

ग्रॅहम स्टेन्स १९६५ पासून ओडिशात होते. मयूरभंज जिल्ह्यातील बारीपदा येथे कुष्ठरुग्णांची सेवा करणाऱ्या संस्थेचे काम ते पाहत. २२ आणि २३ जानेवारी १९९९ च्या मधल्या रात्री केओंझर जिल्ह्यातील मनोहरपूर गावात ते एका शिबिरासाठी मुक्कामी होते. १० वर्षांचा फिलिप आणि ६ वर्षांचा टिमोथी त्यांच्यासोबत होते. कडाक्याच्या थंडीमुळे तिघे गाडीतच झोपले होते. जमावाने ती गाडी पेटवून दिली. तिघेही होरपळून मेले.

त्यानंतर काही दिवसांतच ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले. सामान भरून मायदेशी निघून जाणे कोणालाही समजण्यासारखे होते. पण त्या मुलीला घेऊन बारीपद्यातच राहिल्या आणि कुष्ठरुग्णांचे काम त्यांनी पुढे चालू ठेवले. २००४ मध्ये त्या ऑस्ट्रेलियाला परतल्या. त्याच वर्षी बारीपद्यात ग्रॅहम स्टेन्स यांच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले. २००५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

क्षमेनंतर खटला थांबला का?

नाही. २००३ मध्ये सीबीआयच्या विशेष न्यायालयाने दारा सिंहला फाशी आणि इतर १२ जणांना जन्मठेप सुनावली. २००५ मध्ये ओरिसा उच्च न्यायालयाने दारा सिंहची फाशी रद्द करून त्याला जन्मठेप दिली, हेम्ब्रमची जन्मठेप कायम ठेवली आणि उरलेल्या ११ जणांना निर्दोष सोडले. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दोघांची जन्मठेप कायम केली.

या सगळ्या काळात ग्लॅडिस स्टेन्स यांची भूमिका बदलली नाही. आपण क्षमा केली आहे, पण क्षमा आणि गुन्ह्याचे कायदेशीर परिणाम यांची गल्लत करू नये, असे त्या सांगत राहिल्या. त्यांनी शिक्षेसाठी आरडाओरडा केला नाही, तसेच आरोपींना सोडून द्या असेही म्हटले नाही. ख्रिस्ती क्षमेचे मर्म नेमके याच भूमिकेत आहे.

ख्रिस्ती विचारात क्षमा म्हणजे काय?

नव्या करारात क्षमेसाठी वारंवार जो ग्रीक शब्द येतो त्याचा साधा अर्थ ‘सोडून देणे’ असा आहे. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत पापासाठी जो शब्द आहे तो थेट व्यवहारातला आहे, ऋण. मराठी बायबलमध्येही तिथे ऋण हाच शब्द आला आहे. म्हणजे अन्याय करणारा माणूस आपले काही देणे लागतो, हे इथे आधी मान्य केलेले आहे. जिथे देणेच नाही तिथे सोडायचे काय? ‘काही झालेच नाही’ असे म्हणणे ही क्षमा नव्हे. झालेले सगळे खरे धरून, वसुलीचा आपला वैयक्तिक हक्क सोडणे ही क्षमा.

पेत्राने येशूला विचारले होते, भावाने अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशूने उत्तरात सांगितलेला आकडा मोजदादच निरर्थक ठरवणारा होता. त्याला जोडून एक दाखलाही दिला. एका राजाने आपल्या चाकराचे दहा हजार तालांतांचे कर्ज माफ केले. तोच चाकर बाहेर पडला आणि शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरू लागला.

या आकड्यांचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दीनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. म्हणजे चाकराचे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके, रोज राबूनही दीड लाखाहून अधिक वर्षांत न फिटणारे. देवासमोर माणसाची अवस्था अशी आहे, असा त्या दाखल्याचा रोख. त्यापुढे शंभर दीनार किरकोळ वाटतात. पण हातावर पोट असलेल्या माणसाला तीन-चार महिन्यांची मजुरी किरकोळ असते का? येशूने तिथे एक दीनार म्हटलेले नाही. माणसाने माणसाचे केलेले नुकसान खरेच मोठे असू शकते, हे त्या दाखल्यातच गृहीत धरलेले आहे.

क्षमा म्हणजे गप्प बसणे का?

क्षमेचा हा दाखला मत्तयाच्या १८ व्या अध्यायात आहे. प्रवचनात तो हमखास येतो. त्याच अध्यायात, त्याच्या थोडेच आधी जे आहे ते मात्र फारसे ऐकू येत नाही. अपराध करणाऱ्याकडे जा, त्याला एकांतात त्याची चूक दाखवा. ऐकले नाही तर एक-दोन साक्षीदार घेऊन जा. तरीही ऐकले नाही तर मंडळीसमोर सांगा. तिथेही ऐकले नाही तर त्याच्याशी बाहेरच्या माणसासारखे वागा. क्षमेची शिकवण देण्याआधी तक्रारीची अशी पायरीवार पद्धत सांगितलेली आहे. आधी अपराधाला अपराध म्हणायचे, क्षमेची गोष्ट त्यानंतर येते.

एका गालावर मारले तर दुसरा पुढे करावा, ही येशूची शिकवण सर्वांना माहीत असते. पण महायाजकाच्या चौकशीत एका शिपायाने येशूला थप्पड मारली तेव्हा येशूने काय केले? मी काही वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, नाहीतर मला का मारलेस, असा जाब त्याने विचारला. योहानाच्या शुभवर्तमानात हा प्रसंग आहे. हात उगारायचा नाही, पण जाब विचारायचा, असे दोन्ही त्यात आहे.

तिसरे उदाहरण जक्कय नावाच्या जकातदाराचे. लोकांना नाडून तो श्रीमंत झाला होता. येशू त्याच्या घरी जेवायला गेला. त्यानंतर जक्कयने जाहीर केले की, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत करतो. क्षमा मिळाली म्हणून त्याने परतफेड टाळली नाही. क्षमा मिळाल्यानेच त्याला परतफेड करावीशी वाटली.

समोरच्याला पश्चात्तापच नसेल तर?

या प्रश्नावर ख्रिस्ती विचारवंतांत मतभेद आहेत. लूकच्या शुभवर्तमानात एके ठिकाणी भावाने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर, अशी अट दिसते. त्याच शुभवर्तमानात क्रूसावरचा येशू खिळे ठोकणाऱ्यांसाठी क्षमा मागतो, तेव्हा त्यांच्यापैकी कोणीही पश्चात्ताप केलेला नसतो. मग खरे काय मानायचे?

क्षमा आणि समेट हे दोन वेगळे शब्द वापरले की गुंता बराच सुटतो. क्षमा एकट्याने करता येते. समेटाला दोघे लागतात. मनातले वैर सोडण्यासाठी समोरच्याच्या कबुलीची वाट पाहावी लागत नाही. तशी वाट पाहायची ठरवली तर आपल्या मनाची किल्ली त्याच माणसाच्या खिशात राहते. पण तुटलेले नाते जोडायचे असेल तर सत्य, कबुली, पश्चात्ताप आणि भरपाई या गोष्टी टाळता येत नाहीत.

भारतातच याचे दुसरे उदाहरण आहे. मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यात गरीब शेतकरी आणि आदिवासींना संघटित करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमधून खेचून भोसकून हत्या झाली. मारेकरी समंदर सिंह याला जन्मठेप झाली. राणी मारिया यांच्या धाकट्या बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी २००२ मध्ये तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. समंदर सिंहने पश्चात्ताप व्यक्त केला. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले आणि २००६ मध्ये तो सुटला. पुढे केरळमधल्या त्यांच्या घरी जाऊन तो त्यांच्या आईलाही भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारिया यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले.

इथे क्षमेपासून समेटापर्यंतचा सगळा प्रवास पूर्ण झाला. स्टेन्स प्रकरणात तो तसा झालेला नाही. दारा सिंहच्या सुटकेच्या अर्जात पश्चात्तापाची भाषा आहे, पण ती गुन्ह्यानंतर पंचविसाव्या वर्षी, सुटका मागताना आली आहे. ती खरी की वकिली, हे बाहेरून ठरवता येणार नाही. तरीही ग्लॅडिस स्टेन्स यांची क्षमा अपुरी ठरत नाही. त्यांच्या हातात होते तेवढे त्यांनी केले. उरलेले त्यांच्या हातात नव्हतेच.

मग शिक्षेचे काय?

पौलाच्या रोमकरांस पत्रात १२ व्या अध्यायात सूड घेऊ नका, तो देवावर सोपवा, असे सांगितले आहे. लगेच पुढच्या अध्यायात दुष्कर्म करणाऱ्याला शिक्षा करणे हे राज्यसत्तेचे काम असल्याचे म्हटले आहे. त्या अध्यायाचा आधार घेऊन जुलमी सत्तांनीही आपली पाठ थोपटून घेतली आहे, हे खरे. पण दोन भूमिका वेगळ्या ठेवण्याचा मुद्दा त्यामुळे बाद होत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने सूड घेऊ नये, आणि म्हणूनच न्याय करणारी यंत्रणा हवी.

भारतीय कायद्याची रचनाही अशीच आहे. किरकोळ मारहाण किंवा अब्रुनुकसानीसारखे काही गुन्हे तक्रारदाराच्या संमतीने मिटवता येतात. खुनाचा गुन्हा तसा मिटवता येत नाही, कारण तो एका कुटुंबापुरता मानला जात नाही, तो सगळ्या समाजाविरुद्धचा मानला जातो. म्हणून खटला सरकार चालवते. मुदतपूर्व सुटकेचा निर्णयही सरकार घेते, आणि अशा गंभीर गुन्ह्यात जन्मठेपेच्या कैद्याला किमान १४ वर्षे तुरुंगात काढल्याशिवाय ती सवलत सहसा मिळत नाही. सरकारने हा अधिकार नियमानेच वापरायचा असतो. बिल्किस बानो प्रकरणात गुजरात सरकारने दिलेली ११ दोषींची सुटका सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये रद्द केली. खटला महाराष्ट्रात चालला असल्याने तो अधिकार गुजरातचा नव्हताच, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

कॅथलिक चर्चच्या सर्वोच्च पदावरील व्यक्तीचे उदाहरण इथे बोलके आहे. १३ मे १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर मेहमेत अली आग्जा याने गोळ्या झाडल्या. चारच दिवसांनी, रुग्णालयात असतानाच पोपनी क्षमा जाहीर केली. डिसेंबर १९८३ मध्ये ते रोमच्या तुरुंगात जाऊन त्याला भेटले. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी आग्जाला माफी दिली ती २००० मध्ये, १९ वर्षांच्या तुरुंगवासानंतर. क्षमेला चार दिवस लागले, सुटकेला १९ वर्षे. यात पोपचे काही चुकले असे कोणी म्हणाले नाही.

म्हणून दारा सिंहच्या अर्जावर निर्णय घेताना ग्लॅडिस स्टेन्स यांची क्षमा वजनात टाकणे योग्य नाही, ना सुटकेच्या बाजूने ना विरोधात. कैद्याचे वर्तन, गुन्ह्याचे स्वरूप, परिसरातील लोकांची सुरक्षितता आणि लागू असलेले नियम यांवरच तो निर्णय व्हावा. ‘त्यांनीच माफ केले आहे’ हे वाक्य अर्जाला चिकटवणे म्हणजे एका विधवेच्या श्रद्धेचा वकिली पुरावा करणे आहे.

क्षमेचा गैरवापर कुठे होतो?

खरा धोका न्यायालयापेक्षा घरात आणि धर्मसंस्थेत अधिक आहे. नवरा मारतो अशी तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला ‘येशूने क्रूसावर क्षमा केली, तू एवढे सहन करू शकत नाहीस?’ असे सुनावले जाते. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाच्या आईवडिलांना ‘चर्चची बदनामी नको, क्षमा करा’ असे समजावले जाते. अनेक देशांतील चर्चमधल्या अत्याचारांच्या चौकशांत हाच प्रकार पुन्हा पुन्हा समोर आला आहे. क्षमेच्या भाषेने पीडितांना गप्प केले गेले, आणि अत्याचार करणाऱ्याची फक्त बदली झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना राजीनामा जाहीर करावा लागला तो याच विषयावरून. चर्चशी संबंधित शिबिरांतून अनेक मुलांना अमानुष मारहाण करणाऱ्या जॉन स्मिथच्या प्रकरणाचा पुरेसा पाठपुरावा झाला नाही, असा ठपका चौकशी अहवालाने ठेवला होता.

जर्मन धर्मशास्त्रज्ञ डिट्रिख बोनहोफर यांनी १९३७ मध्येच या वृत्तीला ‘स्वस्त कृपा’ असे नाव दिले होते. पश्चात्तापाशिवाय वाटलेली क्षमा ही चर्चची जीवघेणी शत्रू आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. पुढे हिटलरच्या राजवटीने त्यांना फाशी दिली.

भारतात तर कायद्याने प्रश्नच ठेवलेला नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. ‘आम्ही प्रार्थना करून प्रकरण मिटवले’ हे उत्तर तिथे चालत नाही, आणि ख्रिस्ती विचारातही ते चालू नये. पुढच्या मुलाला वाचवणे हे प्रेमाचे पहिले काम आहे. तेच टाळणाऱ्या क्षमेला क्षमा म्हणता येत नाही.

दुसऱ्याच्या वतीने क्षमा करता येते का?

जर्मन छळछावण्यांतून वाचलेले ज्यू लेखक सायमन विझेन्थाल यांनी हा प्रश्न आयुष्यभर विचारला. मरणाऱ्या एका नाझी सैनिकाने त्यांच्याकडे क्षमा मागितली होती. ते काही न बोलता निघून गेले. ज्यांना मारले गेले त्यांच्या वतीने आपण कशी क्षमा करणार, हा त्यांच्यापुढचा पेच होता. ख्रिस्ती माणसानेही या पेचाचा मान राखायला हवा. ग्लॅडिस स्टेन्स यांनी क्षमा केली ती त्यांच्यापासून जे हिरावले गेले त्याची. फिलिप आणि टिमोथीच्या वतीने कोणीही बोलू शकत नाही. तो हिशेब ख्रिस्ती श्रद्धा देवावर सोडते.

यातूनच एक व्यवहारी नियम निघतो. क्षमा फक्त ज्याला लागले आहे तोच देऊ शकतो. पाळक, फादर, सासू, पंच किंवा शेजारी यांना ती मागण्याचा अधिकार नाही. फार तर ते वाट पाहू शकतात, सोबत राहू शकतात आणि जखम भरायला किती वेळ लागावा याचे वेळापत्रक ठरवणे टाळू शकतात.

मग क्षमेला अर्थ काय उरतो?

कायदा आपले काम करणार, पीडिताने बोलायचे, नाते आपोआप जुळणार नाही. मग क्षमेने मिळवले काय, असे कोणी विचारेल. उत्तर बारीपद्यात आहे. तिथे कुष्ठरुग्णांची ड्रेसिंग थांबली नाही. न्यायालयाने तीन निकाल दिले, पण त्यांपैकी एकही निकाल त्या बाईंना द्वेषातून बाहेर काढू शकला नसता. ते काम शिक्षेचे नव्हते. दोषीला तुरुंगात ठेवणे राज्याला जमते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या मनात उभा राहणारा तुरुंग फोडणे राज्याला जमत नाही.

म्हणून कोणी क्षमेचा उपदेश करू लागले की तीन गोष्टी विचाराव्यात. क्षमा मागतो आहे कोण, अपराधी की त्याला वाचवू पाहणारा? अपराधाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली गेली आहे का? आणि पुन्हा तसे घडण्याचा धोका टळला आहे का? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर तो उपदेश ऐकण्याजोगा आहे. नसतील, तर ती क्षमेच्या नावाखाली झाकपाक आहे. तिला नकार देणाऱ्या माणसाची श्रद्धा यत्किंचितही कमी ठरत नाही.